कॉन्डो घेण्याआधी असोसिएशनचे कागद वाचताना

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, दोन कॉन्डो (मालकीचे फ्लॅट) आम्ही अगदी ऑफर लिहिण्याच्या टप्प्यापर्यंत आणले होते. दोन्ही दोन बेडरूमचे, दोन्ही १९८० च्या दशकात बांधलेल्या लाकडी सांगाड्याच्या इमारतींमधले, आणि दोन्हींपासून बार्ट रेल्वेचं स्टेशन जवळच. पहिल्याची मागणी पंचवीस हजार डॉलरनी कमी होती, शिवाय महिन्याचे एचओए ड्यूज, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनला (आपल्याकडच्या सोसायटीसारख्या संस्थेला) द्यायची वर्गणी, फक्त ३४० डॉलर. दुसऱ्याचे ५६५. वरवर पाहिलं तर पहिलाच घ्यायला हवा होता. आम्ही दुसरा घेतला, आणि हे ठरलं ते घर बघून नाही, असोसिएशनचे कागद वाचून.

त्या वाचनाबद्दल जरा सविस्तर लिहिते आहे. आमच्या ओळखीतली बरीच मराठी कुटुंबं इथे भाड्याच्या घरातून आधी कॉन्डोत जातात. शाळा कशी आहे, ऑफिसला जायला किती वेळ लागतो, काउंटरटॉप कुठल्या दगडाचा आहे, हे सगळं विचारून घेतात. असोसिएशनच्या बाबतीत मात्र ‘ड्यूज किती’ एवढ्यावर चौकशी संपते. मला तो अर्धाच प्रश्न वाटतो. त्या ड्यूजमध्ये काय काय भागतं आणि काय काय राहून जातंय, हा उरलेला अर्धा, आणि तोच महाग पडतो.

कॉन्डोत आपल्या एकट्याच्या मालकीचं असतं ते साधारण आतल्या भिंतींपर्यंतच. छप्पर, बाहेरच्या भिंती, जिने, पार्किंग, इमारतीतून फिरणारे मुख्य पाइप हे सगळं सामाईक. त्याची दुरुस्ती असोसिएशन करते आणि पैसे आपण सगळे मिळून भरतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या उपविधींमध्ये सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधीचे किमान दर दिलेले असतात. कॅलिफोर्नियातला डेव्हिस-स्टर्लिंग कायदा, जो १९८५ चा आहे, असोसिएशनकडून हिशेब मागतो, दर तीन वर्षांनी निदान एकदा सामाईक गोष्टींची प्रत्यक्ष पाहणी करून रिझर्व्ह स्टडी, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्त्यांच्या खर्चाचा अंदाज, करायला लावतो, पण त्यासाठी साठवायच्या गंगाजळीत अमुक इतके पैसे असलेच पाहिजेत असं सांगत नाही. म्हणजे एखाद्या असोसिएशनची तिजोरी जवळजवळ रिकामी असली तरी तिने कायदा मोडलेला नसतो. ते शोधणं आपल्यावर असतं.

कागद मिळतात कधी, हेही महत्त्वाचं. विकणाऱ्याने असोसिएशनचे कागद द्यायचेच असतात, आणि नेहमीच्या करारात खरेदीदाराला तपासणीसाठी १७ दिवस मिळतात. पण बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या या भागात, घरांसाठी चढाओढ असली की लोक ही मुदत सोडून देऊन ऑफर लिहितात. त्यामुळे इथले बरेच विक्रेते सगळा गठ्ठा ऑफरच्या आधीच उपलब्ध करून देतात. आम्हाला तो एका लिंकवर मिळाला. शेकडो पानं, आणि ऑफरची तारीख पुढच्या आठवड्यातली. एवढ्या थोड्या दिवसांत कुठून सुरुवात करायची, हाच पहिला प्रश्न.

इथे एका काकूंची मदत झाली. त्या सॅन होजेला स्वतःच्या असोसिएशनच्या बोर्डावर बरीच वर्षं आहेत. मी फोन करून विचारलं, “काकू, आधी बजेट बघू का?” त्या म्हणाल्या, “अगं, बजेट शेवटी बघ. आधी मिनिट्स उघड, आणि जुन्यापासून नव्याकडे वाच. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते का ते बघ. जी येते तिच्यावर बोर्डाने पैसे खर्च केलेत की नुसती चर्चा केलीय, तेवढं लिहून काढ.”

मिनिट्स म्हणजे बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं. खरेदीदाराने मागितली तर मागच्या बारा महिन्यांची मंजूर झालेली मिनिट्स विक्रेत्याने द्यायची असतात. बंद दाराआड होणाऱ्या सभांची मात्र मिळत नाहीत. कोर्टकचेऱ्या, थकबाकीदार, कर्मचाऱ्यांचे प्रश्न हे तिकडे चालतं. उघड सभांची मिनिट्स अगदी कोरडी असतात, दोन-तीन पानांची. सभा किती वाजता सुरू झाली, कोण हजर होतं, कुठला ठराव कुणी मांडला. दोन महिन्यांची वाचली तर काहीच हाती लागत नाही. सलग वाचली की हळूहळू इमारत बोलायला लागते.

पहिल्या असोसिएशनमध्ये फेब्रुवारीच्या सभेत एका ओळीची नोंद होती. एका युनिटच्या भिंतीतल्या तांब्याच्या पाइपला बारीक भोक, प्लंबर बोलावला, भिंत बुजवली. एप्रिलमध्ये तीच नोंद, युनिट वेगळं. जूनमध्ये दोन युनिटं. ऑगस्टमध्ये एका मालकाने सभेत विचारलं होतं की संपूर्ण इमारतीचे पाइप बदलण्याचा अंदाजे खर्च मागवणार का, आणि पुढे लिहिलं होतं: बोर्ड विचार करेल. सप्टेंबरच्या मिनिट्समध्ये तो विचार कुठेच नव्हता, नवी गळती मात्र होती. मी नवऱ्याला त्या ओळी ओळीने वाचून दाखवल्या. तांब्याच्या पाइपना एका ठिकाणी भोक पडलं तर तो अपघात म्हणता येतो. एकाच वयाच्या पाइपना वेगवेगळ्या मजल्यांवर भोकं पडायला लागली की सगळीच लाइन थकलेली असते.

मग मी रिझर्व्ह स्टडी उघडला. हा एक लांबलचक तक्ता असतो. छप्पर, रंग, डांबरीकरण, पोहण्याच्या तलावाचा पंप, टपालपेट्या, एकेका गोष्टीचं अजून किती वर्षांचं आयुष्य उरलंय आणि बदलायला किती लागतील. पाइप त्यात नव्हतेच! पाहणी करणारा जे डोळ्यांना दिसतं आणि जिथे हात पोहोचतो तेवढंच बघतो, भिंत फोडत नाही. त्यामुळे त्या इमारतीला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट तिच्या तीस वर्षांच्या नियोजनात धरलेलीच नव्हती. मिनिट्स आणि रिझर्व्ह स्टडी शेजारी शेजारी ठेवून वाचायचे ते यासाठी. एकटा स्टडी वाचला असता तर हे कधीच कळलं नसतं.

पाइप सोडले तरी आकडा वाईट होता. स्टडीनुसार त्या घडीला गंगाजळीत १८ लाख डॉलर असायला हवे होते, होते ४ लाख १४ हजार. म्हणजे २३ टक्के. या व्यवसायातले लोक ७० टक्क्यांच्या वर असेल तर भक्कम म्हणतात आणि ३० च्या खाली असेल तर कमकुवत. टक्के ऐकून आपल्याला फारसं काही वाटत नाही, म्हणून कायद्याने सांगितलेला आणखी एक आकडा बघावा. दर युनिटमागे तूट किती, हे वार्षिक बजेट अहवालात द्यावं लागतं. इथे १३ लाख ८६ हजारांची तूट भागिले ६४ युनिटं, म्हणजे घरटी साडेएकवीस हजारांच्या वर. आम्ही ते घर घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी या तुटीतला आमचा वाटा आमच्या नावावर आला असता. कर्ज म्हणून त्याची कुठे नोंद नसते, पण छप्पर गळायला लागलं की ते भरावंच लागतं. ड्यूजमधला दरमहा २२५ डॉलरचा फरक वर्षाला २,७०० होतो. आठ वर्षांची ती बचत या एकाच आकड्यात गेली असती, आणि पाइप अजून यात धरलेच नव्हते.

तूट भरायला बोर्ड दोन वाटांनी जाऊ शकतं. ड्यूज वर्षाला २० टक्क्यांपर्यंत वाढवायला सभासदांचं मत लागत नाही. स्पेशल असेसमेंट, म्हणजे एकदम मागितलेली जादा वर्गणी, वर्षाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत मताशिवाय लावता येते, त्यापुढे मतदान. पण जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल किंवा आधी कल्पना करता न येणारी दुरुस्ती निघाली, तर या मर्यादा लागू होत नाहीत. ‘लोक मत देणार नाहीत, मग कसली असेसमेंट’ असं समजून निर्धास्त राहू नये, एवढ्यासाठी हे सांगते.

जिवाच्या धोक्याचा विषय निघालाच आहे तर बाल्कन्यांबद्दल. १६ जून २०१५ ला बर्कलीत एका अपार्टमेंट इमारतीची पाचव्या मजल्यावरची बाल्कनी कोसळली. सहा तरुण मुलं गेली, सात जखमी झाली. इमारत जेमतेम आठ वर्षांची होती. पाणी आत शिरून लाकडी तुळया कुजल्या होत्या आणि बाहेरून ते दिसत नव्हतं. त्यानंतर आलेल्या एसबी ३२६ या कायद्याने कॉन्डो असोसिएशनना लाकडाच्या आधारावर उभ्या असलेल्या बाल्कन्या, जिने आणि उंचावरच्या ये-जा करायच्या वाटा तज्ज्ञाकडून तपासून घेणं बंधनकारक केलं. दर नऊ वर्षांनी एकदा, आणि पहिल्या तपासणीची मुदत होती १ जानेवारी २०२५. आम्ही घर बघत होतो ते २०२४ च्या शरद ऋतूत. पहिल्या असोसिएशनच्या मिनिट्समध्ये बाल्कनी तपासणीची कोटेशनं मार्चमध्ये आली होती. मग मे, जुलै, सप्टेंबर, प्रत्येक वेळी विषय पुढच्या सभेवर ढकललेला. मुदत तोंडावर आली होती आणि कुणालाही काम दिलेलं नव्हतं.

हे वाचताना मला सर्फसाइड आठवलं. फ्लोरिडातली शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही १९८१ ची कॉन्डो इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे कोसळली आणि ९८ माणसं मेली. २०१८ मध्येच एका इंजिनिअरने पूल डेकखालचं वॉटरप्रूफिंग निकामी झाल्याचं आणि त्यामुळे काँक्रीटचं मोठं नुकसान होत असल्याचं लेखी दिलं होतं. पुढची दोन-तीन वर्षं खर्चावरून वाद झाले. शेवटी २०२१ मध्ये दीड कोटी डॉलरची स्पेशल असेसमेंट मंजूर झाली. पैसे भरायला सुरुवात व्हायची होती १ जुलैपासून. ज्यांनी खर्चाला विरोध केला ती वाईट माणसं नव्हती, कुणाची पेन्शन होती, कुणाचं कर्ज. पण पुढे ढकललेल्या विषयाची किंमत काय असू शकते, हे मी तेव्हापासून विसरू शकत नाही. आमच्या समोरची इमारत तीन मजली होती, समुद्र लांब होता, दोन्हींची तुलना करायची नाही. सवय मात्र तीच होती.

कागद वाचून झाल्यावर आम्ही ती जागा पुन्हा बघायला गेलो, आणि या वेळी युनिटच्या आत पाऊल ठेवलं नाही. पार्किंगमध्ये छताकडे बघत फिरलो. एका पाइपच्या सांध्याखाली पत्र्याची पन्हळ तारेने बांधून गळणारं पाणी भिंतीकडे वळवलं होतं. पन्हळ नवी असती तर तात्पुरता इलाज म्हटलं असतं. तिलाच गंज चढून कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, आणि जिथे पाणी उतरत होतं तिथे भिंतीवर क्षारांचा पांढरा थर हाताला लागेल इतका जाड. दोन बाल्कन्यांच्या खालच्या बाजूला तपकिरी ओघळ होते. तिथे गाडी लावणाऱ्या एका आजोबांना मी नमस्कार-चमत्कार करून विचारलं की इथे तुम्हाला एक गोष्ट बदलता आली तर कुठली बदलाल. ते लगेच म्हणाले, बोर्ड. मग बराच वेळ बोलले. ड्यूज वाढवणार नाही, या एका आश्वासनावर तीच माणसं दर निवडणुकीत निवडून येतात, असं त्यांचं म्हणणं. एका माणसाचं मत म्हणून मी ते ऐकलं, पण मिनिट्समधल्या नोंदींशी ते तंतोतंत जुळत होतं. सभेला बसण्याचा हक्क फक्त सभासदांना असतो, खरेदीदाराला नाही. म्हणून जिन्यात, पार्किंगमध्ये, कपडे धुण्याच्या खोलीत भेटणाऱ्या माणसांशी बोलावंच.

विम्याचंही थोडक्यात सांगते. गेल्या काही वर्षांत कॅलिफोर्नियात वणव्यांच्या जोखमीमुळे अनेक विमा कंपन्यांनी हात आखडता घेतलाय आणि असोसिएशनच्या मास्टर पॉलिसींचे, म्हणजे संपूर्ण इमारतीच्या विम्याचे, हप्ते भराभर वाढलेत. तीन गोष्टी बघायच्या: पॉलिसी कधी संपते, डिडक्टिबल (दाव्यातली आधी स्वतः सोसायची रक्कम) किती, आणि भूकंप त्यात आहे का. बहुतेक ठिकाणी नसतो. हेवर्ड फॉल्ट ही जमिनीतली भूकंपाची भेग फ्रीमाँटमधूनच जाते आणि १८६८ मध्ये तिने मोठा धक्का दिलेला आहे, तेव्हा इथे हा प्रश्न नुसता विचारण्यापुरता नाही. पहिल्या असोसिएशनची पॉलिसी दोन महिन्यांत संपत होती आणि पुढच्या वर्षाचं बजेट विचारलं तर ‘तयार होतंय’ असं उत्तर आलं. वार्षिक बजेट अहवाल आर्थिक वर्ष संपण्याच्या तीस ते नव्वद दिवस आधी सभासदांना पाठवायचा असतो. वर्षाच्या शेवटी घर घेत असाल तर हातातलं बजेट लवकरच जुनं होणार असतं, म्हणून पुढच्या वर्षाचं मागावं, आणि लेखी मागावं. आमच्या एजंट बाईंनी मॅनेजमेंट कंपनीला ईमेलने प्रश्न पाठवले. काहींची उत्तरं आली, पाइपच्या प्रश्नाचं आलं नाही.

याशिवाय काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या साइटवर असोसिएशनचं नाव टाकून खटले शोधले. ते कुणालाही करता येतं. शहराच्या परवाना विभागात छपराचं काम खरंच झालंय का तेही पाहिलं. भाड्याने देण्याचे नियम मी भरभर वाचले, आम्हाला राहायचंच होतं.

पहिला सोडायचं ठरवलं तेव्हा विक्रेत्याच्या बाजूने निरोप आला की ड्यूज इतके कमी या भागात कुठेच मिळणार नाहीत. ते खरंच होतं.

दुसऱ्या असोसिएशनची मिनिट्स वाचायला कंटाळवाणी होती आणि मला ती फार आवडली. कुत्र्यांवरून भांडण, पाहुण्यांच्या पार्किंगवरून भांडण, एका बोर्ड सदस्याचा दर सभेत खर्चाला विरोध. पण जो विषय यायचा तो तीन-चार सभांत निकाली निघायचा. बाल्कन्यांची तपासणी वसंतातच उरकली होती, अहवालात काही बाल्कन्यांचं वॉटरप्रूफिंग बदलायला सांगितलं होतं आणि कंत्राटदार नेमून पैसे गंगाजळीतून काढले होते. गंगाजळी ७८ टक्के. पाइप दहा वर्षांपूर्वी बदललेले, आणि त्या कामाचा परवाना शहराच्या नोंदीत सापडला. आम्हाला कर्ज देणाऱ्या लेंडरने असोसिएशनला प्रश्नावली पाठवली. बजेटच्या निदान १० टक्के रक्कम गंगाजळीत जाते का, साठ दिवसांहून जुनी थकबाकी १५ टक्क्यांपेक्षा जास्त युनिटांकडे आहे का, मोठी दुरुस्ती रखडली आहे का. शेवटचा प्रश्न सर्फसाइडनंतर फॅनी मेने, म्हणजे लेंडरांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेने, घातलेला आहे. उत्तरं यायला वेळ लागला, पण सरळ आली. इथे एक सांगायला हवं. लेंडरने हो म्हटलं म्हणजे असोसिएशन चांगली, असं धरू नये. तो त्याचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो. आपल्या खिशातून पुढे किती जाणार, हे आपणच बघायचं.

मास्टर पॉलिसीचं डिडक्टिबल इथेही २५ हजार डॉलर होतं. म्हणून आमचा स्वतःचा कॉन्डो विमा घेताना लॉस असेसमेंट कव्हर वाढवून घेतलं. असोसिएशनला विम्याच्या दाव्यापायी सभासदांकडून पैसे मागावे लागले तर आपल्या वाट्याचा काही भाग त्यातून भरला जातो. भूकंपाच्या नुकसानीसाठी वेगळी पॉलिसी लागते, तीही घेतली.

यंदा आमचे ड्यूज ६०० झाले. पत्रासोबत एक पानी हिशेब होता, वाढीतले किती विम्याला आणि किती गंगाजळीला. नवीन रिझर्व्ह स्टडीसाठी पाहणी व्हायची आहे, आणि भिंतींतल्या सांडपाण्याच्या जुन्या लाइनी तक्त्यात धरणार आहेत का, हा प्रश्न मी पुढच्या सभेसाठी बोर्डाला लेखी पाठवला आहे.